फळीवर बसलेली सून

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक भित्री सून होती. साधं झाकण पडलं तरी तिच्या हातातली परात सुटायची. गाव तिला 'दचकी' म्हणायचं.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. शेतं करपली. कुंपणाकडेचे कडू साबूकंद तेवढे जमिनीत उरले. ते खाण्याजोगे कसे करायचे, हे गावात एकट्या तिच्या सासूला ठाऊक. सासूने कंद किसले, फडक्यातून पिळले आणि ते दुधासारखं पाणी मोठ्या घंगाळात निवळत ठेवून वर फळी टाकली.

"मी सरपण घेऊन येते. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस हो."

का, ते विचारायचा सुनेला धीर झाला नाही.

इतक्यात उपाशी पोरं घेऊन पाटील आला, मागोमाग गावकरीही जमले. "काय गं दचके, भरलं घंगाळ झाकून बसलीस होय? घोट घोट दे पोरांना!"

सून घाबरून मागे सरली, ती थेट फळीवरच बसली.

"झाकण पडलं तरी दचकते आणि हट्ट बघा बाईचा!" मागून कुणीतरी हसलं.

"अगं, विष आहे का त्यात?" पाटील ओरडला.

"ते... मला नक्की माहीत नाही."

"मग ऊठ की!"

"नक्की माहीत नाही, म्हणूनच उठत नाही, पाटीलबाबा."

पाटलाची चिमुरडी नात वाटी पुढे करून म्हणाली, "काकी, एकच घोट." सून अर्धी उठलीही. मग तिने पोरीला उचलून मांडीवर घेतलं आणि पुन्हा घट्ट बसली. पाटलाने चिडून फळीला हात घातला.

तेवढ्यात सासू आली. डोक्यावरची मोळी तिने तिथेच टाकली. "कुणी प्यायलं तर नाही ना? कडू कंदाचं विष या पाण्यात उतरतं रे बाबांनो! ते ओतून द्यायचं. तळाशी बसतं, ते अन्न."

पाटलाने फळीवरचा हात झटकन मागे घेतला.

पाणी निवळल्यावर ओतून दिलं. तळाचा पांढराशुभ्र साका पुन्हा पुन्हा धुतला, फडक्यात घोळवून त्याचे दाणे केले, तव्यावर शेकले. संध्याकाळी साबुदाण्याची गरमागरम पेज वाट्यांत पडली. पण कुणी तोंडाला लावेना.

पाटील हळूच म्हणाला, "सूनबाई, आता खाऊ ना?"

तिने आधी सासूकडे पाहिलं, मग होकाराची मान डोलावली. तेव्हा कुठे गावाने पहिला घोट घेतला.

तात्पर्य: 'मला नक्की माहीत नाही' असं म्हणून थांबायलाही छाती लागते.