उखा पाटकऱ्याची वीत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते विचारू नका. नदीवर पूल नव्हता आणि जहागीरदाराला लाज नव्हती, एवढं धरून चाला. खानदेशातल्या या आपल्याच गावात उखा नावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वावरावावरांत फिरवणारा. त्याचं स्वतःचं बोटभर वावर नव्हतं. ज्या वावराला पाणी पोचलं तिथली एक पेंढी त्याची, एवढीच कमाई. पाणी सुटलं की तो खांद्यावर फावडं टाकून पाण्यापुढे अनवाणी चालायचा, आणि पाळी सुरू करायचा ती शेवटच्या वावरापासून. आधी पाटाचं शेपूट, मग तोंड, हा गावाचा कायदा. उखाची टाच आणि पाण्याचं तोंड यांत कधी अंतर पडलं नाही, असं म्हणतात.

एका वर्षी बंधाऱ्याचं पाणी आटत आलं. गहू ओंब्या धरून उभा, आणि नेमकं एक पाणी कमी पडणार! तेव्हाच जहागीरदाराचा कारभारी आला. धन्यानं वर डोंगरात तळं बांधलंय, म्हणाला, तिथून जादा पाणी देतो. मोल? प्रत्येक वावरातलं चौथं पोतं, दरवर्षी, पाणी येवो न येवो. तोंडाकडच्या भरल्या घरांनी लगेच माना हलवल्या. त्यांना झेपत होतं. शेवटच्या वावराची धनीण बायजाबाई मात्र पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिला सगळी मिळून चारच पोती व्हायची, आणि तीन पोत्यांत तिच्या घरची सात तोंडं होळी ते होळी जगणार नव्हती. उखानं ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

“आधी शेवटना वावरले पानी पाजा,” तो म्हणाला, “मंग मोल मांगा.”

कारभारी हसला. “पाज तूच, उख्या. पोचलं तर चौथं पोतं कबूल?”

“कबूल.”

गावाचा जीव टांगणीला लागला. पाणी पोचलं तरी मरण, न पोचलं तरी मरण.

तळ्याचं दार उघडलं. उखा पुढे, पाणी मागे. तीन दिवस तो ना जेवला ना बसला. लबाडी त्यानं केली नाही. पाटाला भगदाड पडलं तिथे पाय रोवून, चिखल लिंपून त्यानं पाणी पुढे नेलं. पण तळ्यापासूनचा पाट नवा, माती तहानलेली. पाणी बारीक होत होत करंगळीएवढं झालं आणि बायजाबाईच्या बांधाअलीकडे वीतभर थांबलं. जन्मात पहिल्यांदा उखाची टाच कोरडी राहिली.

“पोचलंच की!” कारभारी ओरडला. “वीतभर राहिलं, त्यात काय मोठंसं?”

“मंग तुमनं पोतंबी वीतभर अलीकडेच ऱ्हाई,” उखा म्हणाला आणि त्या कोरड्या वितीवर मांडी घालून बसला.

कारभाऱ्याच्या शिपायांनी ओढलं, हलला नाही. चार बैल जुंपले. जू मोडलं, बैल खाली बसले, उखा तसाच. त्याच्या मांडीखालून मुळ्या फुटून जमिनीत गेल्या होत्या, असं म्हणतात. मग बायजाबाई येऊन शेजारी बसली. मग तोंडाकडचेही शरमून एकेक करत आले. कारभाऱ्यानं कराराचा कागद गुंडाळला आणि घोड्यावर बसला.

गव्हाचं काय झालं, विचाराल. प्रत्येकानं आपला निम्मा गहू वाळू दिला, आणि बंधाऱ्यात उरलेलं पाणी शेपटाकडून फिरवून सगळ्यांचा निम्मा वाचवला. त्या वर्षी गावानं अर्धी भाकरी खाल्ली, पण स्वतःची खाल्ली.

आजही पाळी शेवटच्या वावरापासून सुरू होते, आणि त्या बांधाअलीकडची एक वीत कुणी पेरत नाही. सुगीची पहिली पेंढी तिच्यावर ठेवतात, उखाची म्हणून. आणि जादा पाण्याची योजना घेऊन साहेबलोक आले, की त्यांना आधी चहा देतात. चहा झाला की कुणीतरी म्हातारी गोड आवाजात सांगते, “साहेब, बूट आठेच काढा.” बूट तिथेच राहतात, आणि अख्खं गाव त्यांना पाटानं अनवाणी शेवटच्या वावरापर्यंत चालवत नेतं. बहुतेक साहेब निम्म्यातूनच परततात. जे पोचतात, त्यांच्याशी दराचं बोलणं होतं, त्या वितीवर मांडी घालून.