दुपारचं दव

पूर्वी करहाटक नगरात राजा कोण होता ते कुणी ध्यानात ठेवलं नाही. पण त्याच्या राज्याच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर कातळाचा सपाट, उघडा सडा होता, आणि तिथल्या कपारीत बोधिसत्त्व सातेरी मधमाशीच्या जन्मी आला होता. पोळ्यात त्याच्याकडे पाणक्याचं काम होतं. ऊन वाढलं की मेण ढिलं पडतं, आणि पोळं पिल्लांसकट खाली येतं. म्हणून पाणक्यांनी दरीतल्या ओढ्याचं पाणी तोंडातून आणायचं, शिंपायचं, आणि बाकीच्यांनी पंखांनी वारा घालायचा.

त्या वेळचा सडा काय सांगावा. भाद्रपदात निळी, पिवळी, गुलाबी फुलं अशी दाट की पाय टेकायला कातळ दिसत नसे. माश्याही तेव्हा बोललेलं पाळायच्या. पोळ्याचा एक रिवाज होता. ज्यानं नवी जागा शोधली त्यानं तिथला थेंब तोंडातून आणायचा, चारचौघांना चाखवायचा, मगच बाकीच्यांनी उडायचं. पिवळ्या फुलात दबा धरून बसणारा पिवळा कोळी सगळ्यांना ठाऊक होता, कारण त्याच्या तावडीतून दहातला एक सुटून यायचा आणि सांगायचा.

एका वर्षी पाऊस लवकर गेला. डबकी आटली, आश्विनाचं ऊन कातळावर तापलं, आणि पोळं मऊ पडू लागलं. तेव्हा चपलक नावाचा तरणा पाणक्या नाचतच घरी आला. सड्याच्या टोकाला बोटभर उंचीची तांबडी रोपं आहेत, आणि भर दुपारी त्यांच्या केसाकेसावर दव चमकतंय, असं त्यानं सांगितलं. दरीत जायचं कामच नाही.

बोधिसत्त्वानं विचारलं, "चाखलंस का?"

"वरून बघितलं. तुझा जोडीदार पिंगट उतरलाय प्यायला."

"मग तो कुठाय?"

"पीत असंल. एवढं पाणी सोडून कोण उठतंय? तुला म्हाताऱ्या दरीत खेपा घालायची खोडच लागलीय."

सगळे हसले. रिवाज त्या दिवशी मोडला. संध्याकाळपर्यंत वीसेक पाणके तिकडे गेले. एकही परतला नाही, आणि जितके परत येईनात तितकं ते पाणी गोड ठरत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राणीनं हुकूम काढला, की उद्यापासून दरीच्या खेपा बंद, सगळ्या पाणक्यांनी सड्याच्या टोकालाच जायचं.

पिंगट हा बोधिसत्त्वाचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी मेणाच्या घरातून बाहेर पडलेले, पहिली खेप दोघांनी बरोबर केलेली. त्याला बघायला बोधिसत्त्व भर दुपारी एकटाच निघाला. वाटेत त्यानं गवत बघितलं. खरं दव कोवळ्या उन्हालाच गेलं होतं. त्या तांबड्या रोपांवर मात्र ते जसंच्या तसं होतं. पानापानाला माश्या चिकटल्या होत्या. आधी अडकलेल्या किड्यांचे नुसते पंख उरले होते.

पिंगट अजून जिवंत होता. पानाचे केस हळूहळू त्याच्यावर वाकत होते.

"उतरू नको," तो म्हणाला. "डिंक आहे."

"मी ओढून काढतो."

"मग दोघंही इथंच राहू. आठवतं का, पहिल्या खेपेला वारा सुटला आणि तू निम्मं पाणी सांडलंस? मी कुणाला सांगितलं नाही."

"आठवतं."

"हे मात्र सांग."

बोधिसत्त्व त्याच्यावर घिरट्या घालत राहिला. थेंब नेल्याशिवाय त्याचं बोलणं म्हणजे म्हाताऱ्याची कुरकुर ठरणार होती. आणि तोंड लावलं तर परत जाणं नव्हतं. मग त्यानं मागचा एक पाय थेंबात बुडवला. केस वाकू लागले. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तो वर उडाला. पाय सांध्यात तुटला, आणि उरलेल्या खुंटाला डिंकाची तार लोंबत आली.

रोपावर त्यानं राग धरला नाही. कातळावरची माती उपाशी, तिच्यात उगवणाऱ्यानं खायचं काय? राग धरायचाच तर न चाखता गोड म्हणणाऱ्यांवर धरावा. तोही त्यानं धरला नाही.

पोळ्यात येऊन त्यानं खुंट पुढे केला आणि चपलकाला म्हणाला, "चाख."

चपलकानं तोंड लावलं आणि ते तिथंच चिकटलं. सोडवायला चौघांना ओढावं लागलं. राणीनं हुकूम मागे घेतला. तोंड मोकळं होताच दरीकडे पहिला चपलकच उडाला. पोळं वाचलं. बोधिसत्त्व उरलेलं आयुष्य पाच पायांवर पाणी वाहत राहिला. सड्याच्या टोकावरून जाताना तो दर वेळी एक घिरटी जास्त घालायचा.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ज्या भिक्खूला सांगितली, तो संघ सोडून दूरच्या एका नगरीला निघाला होता. तिथे गेलेले परत येत नाहीत, तेव्हा तिथे मोठं सुख असणार, असा त्याचा तर्क.

"तेव्हाचा चपलक तू," शास्ता म्हणाले. "पिंगट म्हणजे तुझ्याशेजारी बसलेले वृद्ध भिक्खू सुदंत थेर. पोळं म्हणजे हा संघ. म्हातारा पाणक्या मी होतो." मग म्हणाले, "त्या सड्याला फुलं फार यायची."

भिक्खूनं झोळी खाली ठेवली.

या कथेतली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वानं पूर्णत्वाला नेलेला गुण, सत्य. खरं काय ते रोपावर बसलेल्या वीस जणांनाही कळलं होतं. सांगायला एकजण परत आला.