अंताजीबुवांची परात

"पण बुवा, माझ्यात आता उणं काय राहिलंय?"

पद्मनाभने पुन्हा विचारलं. अंताजीबुवा ओटीवर बसून परातीत नारळ खवत होते.

"उणं…" एवढं म्हणून ते परत खवायला लागले.

पद्मनाभचा जीव खालीवर होत होता. बुवा थकले होते. खाडीकाठच्या या छोट्या मठाची गादी कुणाकडे जाणार, हे एकदा त्यांनी सांगून टाकावं, अशी त्याची फार इच्छा. शिवाय तो काही साधासुधा शिष्य नव्हता. हिमालयात राहून, बर्फावर बसून जप करून आला होता!

तेवढ्यात भर वैशाखात आभाळ काळं झालं. कौलांवर ताडताड वाजायला लागलं.

"गारा!" बुवा ओरडले.

या किनाऱ्यावर गारा पडल्याचं कुणी आजोबांकडूनही ऐकलं नव्हतं. बुवांनी नारळ टाकला, परात उपडी करून डोक्यावर धरली आणि धोतर सावरत अंगणात धाव घेतली.

पद्मनाभने डोळे मिटले. पाठ ताठ केली. आपली स्थिरता बुवांना दिसावी, म्हणून तो जरा ओटीच्या कडेला सरकून बसला.

बाहेर परात टणाटण वाजत होती.

"बुवा, दोन मुठी माझ्या पाटीत टाका हो!" शेजारची धुरपदा कोळीण ओरडली. "बांगडे ताजे राहतील!"

"आधी मी खाणार, मग तुझे बांगडे!"

पद्मनाभने एक डोळा किलकिला केला. बुवा समोरच उभे होते. डोक्यावर परात तोललेली, गाल फुगलेले, ओंजळ गारांनी भरलेली.

"घे."

"बुवा, मी बर्फाचे डोंगर पाहिलेत. मला याचं काय अप्रूप?"

"असं? चव कशी होती?"

"चव…" पद्मनाभ अडखळला. "मी… डोळे मिटून बसलो होतो."

बुवांनी ओंजळ पुढे केली. ओंजळीतून पाणी ठिबकत होतं.

"आणि हे सगळं क्षणभंगुर आहे," पद्मनाभ घाईघाईने म्हणाला.

"अरे, मग आ कर लवकर!"

त्याने आ केला. बुवांनी एक टपोरी गार आत टाकली. पद्मनाभच्या दातांतून थेट मेंदूपर्यंत कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं. जीभ बधिर झाली. मग घशातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसत होता.

"अजून आहेत?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट कोण बघतो! त्याने बुवांच्या डोक्यावरची परात हिसकावली आणि अंगणात उडी मारली. धुरपदाला मागे सारत तो चिंचेखालच्या ढिगाकडे धावला.

बुवांच्या टकलावर एक गार टणकन आपटली. दोन्ही हातांनी डोकं झाकून ते त्याच्या मागे धावले.

"पद्मनाभा! गादी हवी तर घे रे… परात दे माझी!"