तानू मेस्ताची शेवटची फळी

खाडीकाठच्या वेलणे गावी केवडेमहाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. महाराजांना माणसांची भारी आवड! देऊळ सोडून ते बंदरावर, होड्या बांधतात त्या मांडवातच आसन टाकून बसत. अंगावर पंचा आणि जवळ भोपळ्याचा तुंबा, एवढाच संसार.

गावदेवीची पालखी दरवर्षी होडीतून पैलतीरी बहिणीच्या भेटीला जाई. जुनी होडी कुजली, म्हणून नवी बांधायला काढली. काम विसाजी मेस्ताकडे होते. हात सोन्याचा, पण जीभ मिरचीची! होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला फळी चांगलीच वळवून बसवावी लागते. विसाजीने घाईघाईने दोन फळ्या उघड्या जाळावर धरल्या आणि दोन्ही काडकन मोडल्या. आता तशी लांब, बिनगाठीची फळी एकच उरली, आणि पालखी आठ दिवसांवर आलेली.

तेव्हा तानू मेस्त हात जोडून पुढे आला. पाट-पोळपाट करून पोट भरणारा हा गरीब सुतार महाराजांचा भोळा भक्त होता.

"माका देऊन बघा. माझो आजो वाफेर फळी वळवी."

"फळी म्हणजे काय मोदक आसा रे, उकडूक?" विसाजी म्हणाला, आणि सारा मांडव खो-खो हसला. "मोडलंस तर तुझी हत्यारां खाडयेत टाकतलंय. कबूल?"

हत्यारे गेली तर घरची चूल विझायची! तानूने महाराजांकडे पाहिले.

"हो म्हण," महाराज म्हणाले, "आणि सावकाश कर."

तानूने माडाचे खोड कोरून पोकळ केले, आत फळी सरकवली आणि दोन्ही तोंडे चिखलाने लिंपली. खाली चुलीवर पाण्याचे मोठे मडके ठेवून त्याची वाफ नळीने खोडात सोडली. प्रहरभर वाफ मिळाली की लाकूड नरम पडते. पण मधेच थंडावले तर पुन्हा हट्टी होते आणि वाकवताना फाटते.

अर्धा प्रहर झाला असेल नसेल, तोच मडके फुटले! पाणी चुलीत सांडले आणि राखेचा लोट उठला.

"म्हाराजांनू, मडका फुटला! आता माझा कसा व्हतला?" तानू रडायलाच लागला.

"हत्यारां काढ," विसाजी म्हणाला.

महाराज उठले. त्यांनी राखेत उरलेल्या दोन निखाऱ्यांवर आपला तुंबा ठेवला. आता सांगा, भोपळ्याचा वाळका तुंबा निखाऱ्यावर टिकेल का? आणि आत पाणी ते किती, घोटभर! पण काय सांगू भाविकहो, तुंब्याला साधा डागही पडला नाही. महाराजांनी नळी त्याच्या तोंडाशी धरली आणि खोडाच्या भेगाभेगांतून वाफ फुसफुसू लागली. घोटभर पाण्याची वाफ अर्धा प्रहर चालली. बायका हरखून हसू लागल्या, पोरे टाळ्या पिटू लागली.

"आता!" तानू ओरडला. फळी बाहेर काढली की चार श्वासांत बसवावी लागते. एक टोक त्याने धरले. दुसरे कोण धरणार?

"विसाजी, ये," महाराज म्हणाले. "तुझ्याएवढा जाणता हात इथं दुसरा नाही."

महाराजांचा शब्द मोडवेना म्हणून विसाजी आला. कडाड आवाज ऐकायला कान टवकारून त्याने फळीवर भार टाकला. आवाज आलाच नाही. फळी हळदीच्या पानासारखी वळली आणि होडीच्या अंगाला जाऊन बिलगली. विसाजीने तिच्यावरून बोटे फिरवली. एक चीरसुद्धा नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

त्याने धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. "म्हाराजांनू, चुकलंय!"

"अरे, मी घोटभर पाणी तापवलं. फळी वळवली ती तानूनं."

विसाजी उठला आणि सगळ्या बंदरासमोर तानूच्या पायांशी वाकला. "तानू, माका शिकवशील मां?"

इतका मोठा मेस्त आपल्या पाया पडतोय! तानू पुरता गोंधळला आणि घाईघाईने तोही वाकला. दोघांची डोकी टाणकन आपटली. दोघेही कपाळ चोळत तसेच वाकून राहिले, आणि महाराज पोट धरधरून हसले.