धुराची नाणी

एका राज्यात, जिथले सिंहासन बारा वर्षे रिकामे होते, तिथे मायावी कालकेतूने धुराच्या नाण्यांचा बाजार मांडला होता. नाणे दिसे, पण हाती लागत नसे. त्याचे मोल सकाळी एक मोहर, दुपारी दहा, मावळतीला कवडीही नाही. जो आपले सर्वस्व त्या धुरात ओती त्याचा राघू होई, आणि पिंजऱ्यात बसून तो दिवसभर भाव पुकारी.

धर्माजी कोष्टी असाच राघू झाला. त्याची बायको गोजरा लुगडी विणून जमवलेल्या दहा मोहरांपैकी एकच घेऊन बाजारात आली, कारण मोहर गुंतवल्याशिवाय वेशीतून आत सोडत नसत.

तिने नवरा परत मागितला. कालकेतू म्हणाला, "तीन वेळा बोलेन. तिन्ही वेळा मोह आवरलास, तर नवरा तुझा. चुकलीस, तर त्याच्या शेजारचा पिंजरा रिकामा आहे."

पहिल्या प्रहरी भाव पाचपट चढला. तो म्हणाला, "घरच्या नऊही आण."

शेजारची बाई गळ्यातले विकून आली, आणि पाहता पाहता तिच्या बोटांची नखे वाकली, तोंडाला चोच फुटली. गोजराच्याही मनगटावर एक हिरवे पीस उगवले. मोह तिलाही झाला होता. तिने ते पदराखाली झाकले.

"त्या नऊ मोहरांत वर्षाची ज्वारी आहे," ती म्हणाली. "ती मी आणणार नाही."

दुसऱ्या प्रहरी धर्माजीच पिंजऱ्यातून बोलला. "गोजरे, घरच्या मोहरांच्या पेटीचा मंत्र सांग. मी सांभाळतो." मंत्राशिवाय ती पेटी उघडत नसे; ज्याला मंत्र ठाऊक, त्याची पेटी. आवाज नवऱ्याचा होता, पण डोळे कालकेतूचे. ती पिंजऱ्यापासून मागे सरली.

"माझ्या धन्याला सांगितला असता. तुम्हाला नाही."

तिसऱ्या प्रहरी भाव कोसळला. मोहर धुरासारखी विरली. कालकेतू कानाशी आला. "कर्ज देतो. गेलेले क्षणात परत मिळव."

तिच्या दंडापर्यंत पिसे चढली. तिला रडू येत होते.

"बुडेल असे धरूनच आणली होती," ती म्हणाली, आणि वेशीकडे चालू लागली. मागे वळून पाहायची तिची छाती झाली नाही.

बुडालेल्या मोहरांवर पाणी सोडून त्या बाजारातून आजवर कोणी बाहेर पडले नव्हते. वेस ओलांडताच तिची पिसे गळाली, पिंजरे उघडले, कालकेतूचा धूर झाला. राघूंची माणसे झाली. त्यांतला सर्वांत म्हातारा त्या राज्याचा राजा होता. त्याने त्याच दिवशी बाजार मोडला आणि सिंहासनावर बसला.

धर्माजी मुकाट तिच्या मागून चालत होता. वाटेत त्याने तोंड उघडले, तशी ती थिजली. आता भाव पुकारतो की काय?

"भूक लागली," तो म्हणाला.

तेव्हा गोजरा रस्त्यातच खाली बसली आणि पोटभर रडली.