लंबाजीचे पाय

तळ्याकाठची जनावरं व्हॉलीबॉल खेळायची, तेव्हाची गोष्ट. लंबाजी करकोचा उंच, म्हणून जाळीपाशी चेंडू अडवायला त्यालाच उभं केलं होतं. "पाय हलवायचे कशाला? माझी उंची पुरे," म्हणत तो जागचा हलत नसे.

पलीकडच्या संघातल्या वानराने हे हेरलं आणि दर वेळी दुसऱ्याच टोकाकडून चेंडू हाणला. सामना हातचा जायला आला, तशी बुटकी बेडकी म्हणाली, "काका, सरका."

तिने चेंडू सोडून वानराच्या खांद्यावर नजर ठेवली, तुरुतुरु आडवी सरकली आणि वानर उडाल्यावर क्षणभर थांबून उडाली. चेंडू तिच्या पंजांवर आपटून वानराच्याच नाकावर बसला. सामना वाचला.

दुसऱ्या दिवशी लंबाजी मुकाट्याने तिच्याकडून सरकायला शिकू लागला आणि दोनदा स्वतःच्याच पायांत अडकून पडला.

बेडकी म्हणाली, "पडा खुशाल, काका! फक्त जाळीला चोच लावू नका, गुण जातो."