शेजारची जागा

संगणकांच्या चार पिढ्यांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या दवाखान्यातल्या जुन्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क शेजारी राहायच्या. प्रत्येक रुग्णाची नोंद दोघीही लिहून ठेवायच्या. एके दिवशी त्यातली एक बंद पडली, तेव्हा तंत्रज्ञ मुमताजबाईंनी तिच्या जागी नवीकोरी डिस्क बसवली.

उरलेली म्हातारी डिस्क घरघरत तिला पहिल्या नोंदीपासून सांगू लागली.

“अक्का, किती धाप लागलीय तुम्हाला! थांबा आता, उरलेलं मी अंदाजाने लिहिते,” नवी म्हणाली.

“रक्तगट अंदाजाने लिहितात होय गं? लिही मुकाट्याने!”

शेवटची नोंद सांगून झाली आणि म्हातारी कायमची थांबली.

“एकही नोंद गेली नाही,” म्हणत मुमताजबाई खूश होऊन निघाल्या. तोच नवीने लाल दिवा लावला.

“बाई, सगळं पाठ आहे मला. पण शेजारी ऐकायला कुणीच नाही!”